बोल्टचे माप विचारा, गाडीचे मॉडेल नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत दिवसाला किती बोल्ट आवळले जात असतील देव जाणे. पण त्याच नाशकात गाडीचा एक हरवलेला बोल्ट सुटा विकत घ्यायला गेले की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठली?" दुसरा, "मॉडेल कितीचं?" आणि तिसरा, निदान माझ्या वाट्याला तरी, "काकांना पाठवता का?" मग पत्र्याच्या ट्रेमधले मूठभर बोल्ट काउंटरवर ओतले जातात आणि दुकानदार म्हणतो, "यातला बसेल बघा." हे पत्र त्या "बसेल बघा"बद्दल आहे.

माझी सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात आवक तपासणीच्या टेबलावर झाली. पुरवठादाराचा माल स्टोअरमध्ये जायच्या आधी आमच्यासमोर यायचा. जाडी मोजायचे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, माप पास की नापास एवढेच सांगणारे गो–नो गो गेज आणि हिरवे-लाल टॅग हा आमचा संसार. मोठ्या, महागड्या पार्टांत खोट निघत असेल असे बाहेरच्यांना वाटते. आमच्याकडून मात्र नटबोल्टांचे लॉट जास्त परत जायचे. स्वस्त वस्तूकडे कोणी नीट बघत नाही, करणाराही नाही आणि घेणाराही नाही.

चप्पल घ्यायला गेल्यावर आपण पायाचा नंबर सांगतो, कोणत्या गल्लीत राहतो ते सांगत बसत नाही. बोल्टलाही स्वतःचा नंबर असतो. जाडी, दोन आट्यांमधले अंतर, लांबी आणि पोलादाचा दर्जा हे चार आकडे कळले की तो कोणत्या गाडीतून निघाला हे विचारायची वेळ सहसा येत नाही. उलट नुसते गाडीचे नाव सांगून काही साधत नाही, कारण एकाच गाडीत जाड-बारीक, आखूड-लांब असे ढीगभर बोल्ट असतात.

पत्राला निमित्त असे झाले. माझ्या छोट्या, जपानी घडणीच्या गाडीचा पट्टा एका गॅरेजमध्ये बदलून घेतला. घरी आल्यावर सवयीने बॉनेट उघडून पाहिले, तर अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, ब्रॅकेटवरच्या एका बोल्टचे डोके शेजाऱ्यापेक्षा मोठे दिसले. शेजारच्याला १४ चा पाना लागत होता, याला १७ चा. दोन्ही दहा मिलिमीटरचेच. जपानी पद्धतीच्या १० मिमी बोल्टचे डोके १४ चे असते, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या, जुन्या जर्मन मानकाच्या बोल्टचे १७ चे. म्हणजे मूळ बोल्ट कुठेतरी घरंगळला होता आणि त्याच्या जागी बाहेरचा आला होता. नुसते डोके वेगळे असते तर मी गप्प बसले असते. पण सोडवायला घेतला तर तो शेवटच्या आट्यापर्यंत कुरकुरत बाहेर आला आणि सोबत ॲल्युमिनियमचा चकचकीत चुरा घेऊन आला. ब्रॅकेटच्या भोकातले आटे १.२५ चे होते आणि बोल्टचे १.५ चे. हवेच्या दाबावर बोल्ट पिळणारी एअर गन लावून तो आत कोंबलेला होता. गॅरेजवाल्याला दाखवला तर तो म्हणाला, "ताई, घट्ट बसला होता ना?"

घट्ट तर बसणारच! १.२५ म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत सव्वा मिलिमीटर, १.५ म्हणजे दीड. फरक पाव मिलिमीटरचा, म्हणून पहिले एक-दोन फेरे बोल्ट निमूट फिरतो. पण बोल्टचे पाच आटे म्हणजे साडेसात मिलिमीटर, आणि तेवढ्याच अंतरात भोकात सहा आटे असतात. पाचव्या आट्याला पोहोचेपर्यंत दोघांत एका पूर्ण आट्याची तफावत पडलेली असते. हाताने पिळणाऱ्याला ती मनगटात कळते, गनने पिळणाऱ्याला कळत नाही. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे भोक यांच्या झटापटीत कोण हरते हे सांगायला नको. माझ्या ब्रॅकेटमध्ये शेवटी अंबडच्या एका वर्कशॉपने भोक मोठे करून, नवे आटे पाडून स्टेनलेस तारेचे हेलिकॉइल बसवून दिले. छान काम केले, तक्रार नाही. पण एका बोल्टच्या किमतीत जे व्हायला हवे होते ते कितीतरी पट पैशांत झाले.

त्यानंतर 'दहा मिलिमीटर, सव्वाचा आटा' असा बोल्ट शोधत द्वारका परिसरातल्या दुकानांतून हिंडले. माप सांगितले की समोरचा माणूस गोंधळून पाहायचा आणि गाडीचे नाव सांगितले की खुश व्हायचा. घोळ इथेच आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये बोल्ट पान्याच्या नंबराने मागतात. "दहाचा आण रे" म्हटले की पोऱ्या ज्याला दहाचा पाना लागतो तो बोल्ट आणतो. तो असतो सहा मिलिमीटरचा! दुकानदाराच्या डोक्यात दहाचा म्हणजे दांडा दहा मिलिमीटरचा. "बाराचा" म्हटले तर एकासाठी तो आठ मिलिमीटरचा, दुसऱ्यासाठी बाराचा. शिवाय डोके एकसारखे नसते. आठ मिलिमीटरच्या बोल्टला जपानी गाडीत १२ चा पाना लागतो, बाजारातल्या साध्या बोल्टला १३ चा. दहाच्या बोल्टला १४, १६ किंवा १७, मानकाप्रमाणे काहीही. म्हणून मुलांनो, पाना विसरा आणि दांडा मोजा.

दांडा मोजतानाही एक गंमत आहे. नवा कोरा १० मिमीचा बोल्ट व्हर्नियरमध्ये धरला तर १०.०० कधीच येत नाही. नटात फिरायला जागा हवी म्हणून तो मुद्दाम किंचित बारीक केलेला असतो. दीड पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर) सर्वसाधारण दर्जाचा बोल्ट ९.७३ ते ९.९७ यांच्या मध्ये कुठेही असला तरी पास. आमच्याकडे नवी आलेली मुले ९.८ वाचून "मॅडम, लॉट बारीक आलाय" म्हणत धावत यायची. मात्र ९.५ च्या आसपास आकडा आला तर सावध व्हावे, कारण तो बहुधा दहाचा नाहीच, तीन सुताचा आहे.

हो, सूत अजून जिवंत आहे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा, पण हार्डवेअरच्या दुकानात आजही दोन सूत, अडीच सूत, तीन सूत बोल्ट बिनदिक्कत मिळतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फॅब्रिकेशनच्या, गेट-ग्रिलच्या कामाला ते चालतात आणि तिथे माझे काही म्हणणे नाही. जुन्या जीपवाल्याला किंवा जुनी बुलेट जपणाऱ्याला तर इंचाचेच आटे लागतात. पण आजच्या गाडीच्या भोकात सूत घुसले की अनर्थ. तीन सूत म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, तो दहाच्या भोकात सैलसर जाऊन पुढे अडकतो. अडीच सुताचा त्याहून लबाड. तो ७.९४ मिलिमीटर, आपला मेट्रिक आठ, आणि व्हर्नियरवर दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. नुसत्या जाडीवरून मीसुद्धा सांगू शकणार नाही की हातात कोणता आहे. तिथे आटेच मोजावे लागतात.

आटे मोजायला पिच गेज नावाची पात्यांची जुडी मिळते. चाकूसारखी एकेक पाती उघडायची आणि आट्यांवर टेकवून उजेडासमोर धरायची. दातांमधून उजेड दिसला नाही तर ते पाते बरोबर. काही शे रुपयांत येते. तेही नसेल तर शाळेची स्टीलची पट्टी पुरते. आट्याच्या एका शेंड्यापासून सुरू करून पुढचे दहा शेंडे मोजायचे आणि अंतर वाचायचे. १२.५ मिलिमीटर आले तर पिच १.२५, पंधरा आले तर १.५, दहा आले तर १. अडीच सुताच्या बोल्टवर हेच अंतर १४ च्या थोडे पुढे येते, आणि आठ मिमीच्या नेहमीच्या बोल्टवर १२.५. संपला वाद. बोल्ट आखूड असेल तर पाचच मोजा आणि दुप्पट करा. माहितीतला दुसरा बोल्ट हाताशी असेल तर दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडात धरले तरी कळते. आणि नटाने तपासायचे तर नट फक्त बोटांनी फिरवायचा, पाना लावायचा नाही. पाच-सहा फेरे बोटाने गेला तर खरा. दोन फेऱ्यांनंतर पान्याची आठवण झाली तर तो नट त्या बोल्टचा नाही.

जपान्यांनी १० आणि १२ मिमीला सव्वाचा बारीक आटा का धरला याला कारण आहे. बारीक आट्याचा चढ कमी, म्हणून थरथरीत तो सहज सैल होत नाही, आणि आटे उथळ असल्याने दांड्याचे पोलादही जास्त उरते. आपल्या बाजारात मात्र नुसते 'दहाचा' म्हटले की दीडचाच हातात येतो, कारण मेट्रिक मानकात दहाचा जाड आटा दीडचा आहे. म्हणजे खपणाऱ्या गाड्यांत सव्वाचे बोल्ट भरपूर आणि ट्रेमध्ये दीडचे. माझ्यासारखा प्रसंग कोणाला ना कोणाला येतच राहणार.

चाकांच्या नटांचा तर वेगळा अध्याय लिहावा लागेल. मारुतीच्या बहुतेक गाड्यांच्या चाकाला १२ मिमी आणि सव्वाचा आटा. होंडा, ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांना १२ मिमीच, पण दीडचा आटा. मारुती आणि होंडा दोघांनाही १९ चाच पाना लागतो, त्यामुळे पंक्चरवाल्याच्या डब्यात दोन्ही नट गुण्यागोविंदाने नांदतात. रात्री घाटाखाली चाक बदलताना एक नट गवतात गेला, डब्यातला दुसरा लावला, गनने आवळला आणि गाडी कसारा चढू लागली. तो नट चाक धरून ठेवत नसतो, तो ज्यावर बसतो त्या चाकाच्या स्टडचे, म्हणजे आट्यांच्या दांड्याचे, आटे खात फक्त अडकून बसलेला असतो. शिवाय नटाची बैठकही पाहायला हवी. रिमच्या भोकाला शंकूसारखा उतार असेल तर नटालाही तसाच उतार हवा. सपाट बुडाचा नट तिथे कडेवर टेकतो आणि गाडी चालता चालता सैल होऊ शकतो. चाकाच्या बाबतीत दुसऱ्या गाडीचा नट नकोच, आणि पहिले चार-पाच फेरे हाताने.

लांबी डोक्याच्या खालून मोजतात. फक्त पत्र्यात बुडणाऱ्या, उतरत्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट. इथे लोक "थोडा लांब असला तर काय बिघडतं" म्हणतात. भोक आरपार असेल तर बिघडत नाही. पण इंजिनवरची बरीच भोके आंधळी असतात, म्हणजे आत बंद. लांब बोल्टचे टोक तळाला टेकते, पाना घट्ट लागतो, ठरलेला जोर लागला की टक् करणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंचही टक् करते, आणि डोक्याखालचा पार्ट मात्र सुटाच राहतो. जोर लावला तर ॲल्युमिनियमचे कास्टिंग तडकते. आखूड घेतला तर उलट त्रास. पोलादात बोल्टने निदान आपल्या जाडीइतके आत शिरावे, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट. दहाचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये फक्त आठ मिलिमीटर धरला असेल तर तो आज ना उद्या आट्यांसकट बाहेर येईल.

आता दर्जा. गाडीच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे उठावदार आकडे असतात, सोबत बनवणाऱ्याची खूण. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की दर चौरस मिलिमीटरला तो किती न्यूटन ओढ सोसून तुटेल ते कळते. दुसरा आकडा सांगतो की त्या ओढीच्या किती भागाला तो कायमचा ताणला जाईल. ८.८ म्हणजे ८०० ला तुटणारा आणि ६४० ला ताणला जाणारा. १० मिमीच्या, दीडच्या आट्याच्या बोल्टचे जोर घेणारे क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर, म्हणजे तो साधारण ४६,००० न्यूटन, सुमारे पावणेपाच टन ओढ सोसतो. ट्रेमधला बिनखुणेचा बोल्ट फार तर ४.६ चा धरावा. त्याची ताकद बरोबर निम्मी. दोघे शेजारी ठेवले तर झिंकच्या चकाकीत फरक दिसत नाही. ब्रेकच्या कॅलिपरला, सस्पेन्शनला, सीटबेल्टला असला बिनखुणेचा बोल्ट लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, मग तो कितीही 'बसो'. आणि "स्टेनलेस लावून देतो, गंजणार नाही" असे कोणी कौतुकाने म्हणाले तर हेही विचारा. बाजारात सहज मिळणारे ए२-७० स्टेनलेस ७०० लाच तुटते, म्हणजे ८.८ पेक्षा कमजोर. नंबर प्लेटला खुशाल लावा.

बंपर, मडफ्लॅप, दारांच्या आतल्या प्लास्टिकला जे स्क्रू लागतात ते वेगळी जात. ते स्वतःच आटे पाडत आत शिरतात, आणि त्यांना एम ४, एम ५ (चार, पाच मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टची नावे) म्हणून मागू नये. त्यांची मापे ३.५, ४.२, ४.८ अशी असतात. तिथे चूक झाली तर फार तर प्लास्टिकची पकड जाते.

ज्यांना मोजायचा कंटाळा आहे त्यांनी गाडीच्या कंपनीकडून पार्ट नंबर घ्यावा. काही कंपन्यांच्या नंबरातच माप असते. होंडाच्या ९५७०१-०८०२०-०८ या फ्लँज बोल्टच्या मधल्या आकड्यांत ०८ ही जाडी आणि ०२० ही लांबी. माझा बोल्टही शेवटी डीलरकडून पार्ट नंबरानेच आला. पैसे जास्त पडले, पण डोक्यावर खूण होती आणि तो बोटांनी शेवटपर्यंत गेला.

दुकानदारांची बाजूही मांडते, कारण ते माझे वैरी नाहीत. एमआयडीसीतले व्यापारी नटबोल्ट दर्जा आणि पिच लिहिलेल्या पेटीतून, पेटीने विकतात. सुटा एक नग मागायला गेले तर ते हसतात, आणि त्यांचेही बरोबर आहे. ती पेटी शहरातल्या दुकानात येते, फुटते, ट्रेमध्ये पडते, शेजारच्या ट्रेमध्ये सांडते, आणि पेटीवरचे लेबल रद्दीत जाते. माप हरवते ते तिथे. तेव्हा मागणे मोठे नाही. ट्रेवर पेटीचेच लेबल कापून चिकटवावे. बिलावर 'बोल्ट – २ नग' ऐवजी '१० × १.२५ × ३०, ८.८' असे लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी तेच बिल दाखवता येईल. आणि काउंटरवर मापामापाचे आटे पाडलेल्या भोकांची एक तपासणीची पट्टी ठेवावी, ज्यात गिऱ्हाईक आपला बोल्ट बोटाने फिरवून पाहील.

ही पट्टी विकत घ्यायचीही गरज नाही. त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना टॅप मारण्याचा, म्हणजे भोकात आटे पाडण्याचा, सराव असतोच. त्यांच्या जॉबमध्ये हीच पट्टी घातली आणि निमा किंवा आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी सपाट पट्टीचे पोलाद दिले, तर शहरातल्या दुकानांना ती सहज पुरेल. भोकांची मापे मीच देते. ६ × १ साठी ५ चे ड्रिल. ८ × १.२५ साठी ६.८. १० × १.२५ साठी ८.८ आणि १० × १.५ साठी ८.५. १२ × १.२५ साठी १०.८, १२ × १.५ साठी १०.५, १२ × १.७५ साठी १०.२. पट्टी १२ मिमी जाड असावी, म्हणजे चुकीचा बोल्ट पाचव्या आट्याच्या आत अडकेलच. प्रत्येक भोकाशेजारी माप पंचने ठोकावे, शाईने लिहू नये, महिन्यात पुसले जाते. शेवटी अडीच सूत आणि तीन सूत अशी दोन भोके पाडून त्यांच्याभोवती लाल रंग द्यावा. कोणा शिक्षकांना ड्रॉइंग हवे असेल तर मी काढून देईन, आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपली,
एक निवृत्त तपासनीस,
इंदिरानगर, नाशिक